काल बाळानं काय काय खाल्लं? आरोग्य केंद्रातला आहार सल्ला समजून घेताना

लसीकरणाच्या दिवशी गावातल्या अंगणवाडीत थोडा वेळ बसलं की एक गोष्ट लक्षात येते. बाळाचं वजन होतं, दंडाचा घेर मोजला जातो, डोस दिला जातो, रजिस्टर भरलं जातं आणि आई रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन घरी निघते. निघताना तिच्या कानावर एक वाक्य पडतं: ‘वजन कमी आहे, बाळाला नीट खाऊ घाला.’ नोंदवहीत हे ‘आहार समुपदेशन’ म्हणून लिहिलं जातं. पण नीट म्हणजे काय, किती, किती वेळा, कोणी भरवायचं आणि घरात आहे त्यातून कसं करायचं, यातलं त्या वाक्यात काहीच नसतं. आईला ते सल्ल्यासारखं वाटतच नाही, बोलणी बसल्यासारखं वाटतं. पुढच्या महिन्यात वजन तेवढंच भरलं की ती लसीकरणाला यायलाही कचरते.

खरा आहार सल्ला हा उपचार आहे. त्याला पद्धत आहे, त्यामागे शास्त्र आहे आणि तो नीट दिला तर बाळाच्या वजनाची रेषा वर वळते. तो कसा असतो, त्यात काय विचारलं जायला हवं आणि आईनं व घरच्यांनी तो हक्कानं कसा मागायचा, हे इथे नाशिक जिल्ह्यातली उदाहरणं घेऊन सांगते.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर १०० पैकी सुमारे ३५ मुलं वयाच्या मानानं बुटकी आढळली, सुमारे २६ मुलं उंचीच्या मानानं लुकडी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षं वयातल्या जवळजवळ ६९ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. बुटकेपणा म्हणजे बाळाला महिनोन् महिने कमी मिळत गेल्याची खूण. लुकडेपणा म्हणजे अलीकडच्या काळात खाणं तुटल्याची किंवा आजारपणाची खूण. दोन्हींची मुळं बहुतेक वेळा गर्भारपणापासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळात असतात. गर्भातले सुमारे २७० दिवस आणि नंतरची दोन वर्षं मिळून हजार दिवस होतात. मेंदूची मोठी वाढ याच काळात होते, आणि तेव्हा खुंटलेली उंची पुढे सहसा भरून निघत नाही.

नाशिक जिल्हा यासाठी मुद्दाम घ्यावा असा आहे. एकीकडे निफाड-दिंडोरीची द्राक्षं, लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो. दुसरीकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरचा हरसूलकडचा भाग, जिथून दिवाळीनंतर माणसं बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसकट त्याच द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. देशभर फळं-भाज्या पुरवणाऱ्या जिल्ह्यात बाळाच्या वाटीत मात्र भाताचं पाणी असतं. हे बदलायला नुसतं ज्ञान पुरत नाही, पण ज्ञानाशिवायही बदलत नाही.

हा सल्ला देणारं माणूस कोण?

गावपातळीवर तीन बायका आहेत: आशाताई, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्राची नर्सबाई म्हणजे एएनएम. साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते. सपाटीवर पाच हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असतं. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य व पोषण दिनाला तिघी एकत्र येतात.

त्या दिवशी गर्दी असते, मुलं रडत असतात, नर्सबाईंचं अर्धं लक्ष लशीच्या डब्याकडे असतं. निवांत बोलणं तिथे होत नाही आणि ते त्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. निवांत बोलायची जागा म्हणजे आशाताईची घरभेट. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाचीही एक धरून सात. पुढे बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं झाल्यावर आणखी पाच. या पाच भेटींची कित्येक आयांना कल्पनाच नसते. आशाताई आली नाही तर फोन करून बोलवावं.

मुख्य साधन म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. त्यात वाढीचा तक्ता असतो: हिरवा पट्टा ठीक, पिवळा मध्यम कमी वजन, नारिंगी अतिकमी वजन. बहुतेक जण फक्त टिंब कुठल्या रंगात पडलं ते बघतात. त्याहून महत्त्वाचं आहे टिंबं जोडणाऱ्या रेषेचं तोंड. हिरव्यात असलेल्या बाळाची रेषा दोन महिने आडवी गेली, तर काहीतरी बिनसलंय. पिवळ्यातल्या बाळाची रेषा चढती असेल, तर आई बरोबर वाटेवर आहे आणि तिला तसं सांगायला हवं. हिरव्यात आडवी झालेली रेषा वेळीच पाहिली, तर कुपोषण सुरू होण्याआधी थांबवता येतं. म्हणून कार्ड हातात घेऊन ‘रेषा कुठे चाललीय?’ असं आईनंच विचारावं.

‘सगळं खातं’ या उत्तराच्या पुढे

आता खरं काम. समजा, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर नऊ महिन्यांचं बाळ आहे, वजन सात किलो, रेषा दोन महिने आडवी. आशाताई विचारते, ‘बाळ खातं का?’ आई म्हणते, ‘हो, सगळं खातं.’ इथे बहुतेक संवाद संपतात, कारण प्रश्नच हो-नाहीचा होता.

चांगली आशाताई वेगळं विचारते. ‘काल सकाळी बाळ उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याच्या तोंडात काय काय गेलं, एकेक सांग बरं.’ मग चित्र उलगडतं. सकाळी अंगावरचं दूध. मग चहात बुडवून दोन बिस्किटं. दुपारी भाताची पेज आणि वरणाचं वरचं पाणी. संध्याकाळी मोठ्या भावाच्या पुड्यातले चार कुरकुरीत तुकडे. रात्री सासूच्या ताटातला भाकरीचा कुस्करा, दोन घास, आणि मग झोप. आई खोटं बोलली नव्हती. बाळ सगळं खात होतं, पण पोटात फारसं काही जात नव्हतं.

का, ते साध्या हिशोबानं कळतं. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. सात किलोच्या बाळाचं पोट म्हणजे जेमतेम २०० मिलिलिटर, एक मोठी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण ३०० कॅलरी लागतात. पातळ पेजेच्या एका मोठ्या वाटीत पाणीच जास्त, कॅलरी ५०-६० च्या घरात. म्हणजे ३०० गाठायला पाच वाट्या, आणि एवढं पाणी पोटात गेल्यावर बाळ अंगावर प्यायला तयार होत नाही. तीच वाटी घट्ट मऊ खिचडीची असेल, वर चमचाभर तेल किंवा तूप असेल, तर २०० कॅलरींच्या आसपास मिळतात. दीड वाटीत दिवसाची गरज भागते. एक चमचा तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात. बाळाच्या दोन जेवणांत एकेक चमचा घातला तरी मोठा फरक पडतो.

म्हणून पहिली खूण लक्षात ठेवायची: चमचा तिरका केला की अन्न ओघळून पडता कामा नये, चमच्याला धरून राहायला हवं. डाळीचं पाणी नको, डाळ हवी, घोटलेली. ‘बाळाला पचणार नाही’ म्हणून घरातली मोठी माणसं पातळच देत राहतात. सहा महिने पूर्ण झालेलं बाळ घट्ट, मऊ अन्न पचवू शकतं. मसाला-तिखट नको, गुठळ्या नकोत, एवढंच.

सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, सुरुवातीला दोन-तीन चमचे आणि वाढवत अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत तीन-चार वेळा, दर वेळी अर्धी वाटी. वर्षानंतर तीन-चार वेळा, पाऊण ते एक वाटी, शिवाय मधे एक-दोनदा फळ किंवा काही घरचं. वाटी म्हणजे २५० मिलिलिटरची, चहाच्या कपाहून मोठी. आईचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू.

नागलीबद्दल थोडं सविस्तर

सुरगाणा-पेठच्या घरांत नागली म्हणजे नाचणी आहे, आणि तिच्याबद्दल अभिमानही आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. पण बाळासाठी नागलीच्या दोन अडचणी आहेत. पीठ शिजवलं की फुगून घट्ट गोळा होतो, मग पाणी वाढवावं लागतं, आणि पुन्हा तेच: पातळ आंबील, कमी कॅलरी. दुसरं म्हणजे तिच्यात फायटेट नावाचे घटक असतात, ते लोह आणि जस्त शरीरात शोषू देत नाहीत.

दोन्हींवर एकच उपाय आहे आणि तो आपल्या आज्यांना माहीत होता: मोड आणणं. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून एक-दोन दिवस ठेवायची, मोड आले की वाळवायची, हलकी भाजायची, चोळून मोड झाडायचे आणि दळायची. मोड येताना धान्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं, ते पिठूळ भाग तोडतं. त्यामुळे त्याच पाण्यात जास्त पीठ घालूनही खीर गिळायला सैल राहते. फायटेटही कमी होतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं होतं. साध्या पिठाची घट्ट खीर शिजवून, ती गरम असतानाच त्यात चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळलं की खीर डोळ्यांदेखत सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यायची आणि भरवायची. हे प्रात्यक्षिक अंगणवाडीत एकदा दाखवलं की बायका विसरत नाहीत, हजार पोस्टरांनी ते होत नाही.

फार कडक भाजलं तर विकर मरतं, म्हणून हलकंच भाजायचं. आणि भिजवलेली नागली वाटून, फडक्यातून गाळून जे पांढरं सत्त्व काढतात ते पचायला हलकं असतं खरं, पण नागलीचं कॅल्शियम मुख्यतः तिच्या वरच्या सालीत असतं, ते चोथ्याबरोबर टाकलं जातं. मोडाचं अख्खं पीठ त्याहून चांगलं. नागलीत प्रथिनं मात्र बेताची. तिच्या जोडीला तूर, उडीद, मूग किंवा भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट हवंच. खुरासणी (कारळं) घरची असेल तर तीही भाजून, अगदी बारीक कुटून खिरीत घालता येते.

पोट भरलं म्हणजे पोषण झालं असं नसतं. बाळाच्या आहारात आठ गट मोजतात: आईचं दूध, धान्य व कंद, डाळी-शेंगदाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-केशरी फळं-भाज्या आणि हिरव्या पालेभाज्या, इतर फळं-भाज्या. दिवसातून आठपैकी किमान पाच गट पोटात गेले तर आहार पुरेसा विविध म्हणतात. वरच्या बाळाचं पाहा: आईचं दूध एक, भात-भाकरी दोन. वरणाचं पाणी म्हणजे डाळ नव्हे आणि बिस्किटं तर कोणत्याच उपयोगाच्या गटात नाहीत. दोनच गट. पाचपर्यंत जायला बाहेरून काही आणायला नको: घोटलेली डाळ, शेवग्याचा पाला किंवा लाल भोपळा, आणि अंडं. सातव्या महिन्यापासून पिवळं-पांढरं दोन्ही, नीट उकडलेलं अंडं देता येतं. सुकट घरात असेल तर मीठ धुऊन, भाजून, अगदी बारीक पूड करून खिचडीत चिमूटभर. पावसाळ्यात रानभाज्या आहेतच.

लोहाचं मुद्दाम सांगायला हवं. जन्मताना बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणून सहा महिन्यांनंतर वरचं अन्न उशिरा सुरू झालं तर रक्त कमी होतं, भूक मंदावते, बाळ किरकिरं होतं, आणि मग ‘खातच नाही’ म्हणून आणखी कमी भरवलं जातं. यासाठीच सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं सिरप मोफत दिलं जातं. बाटली घरात फडताळावर पडून राहते, कारण दोन ठरलेले वार कोणी सांगितलेले नसतात. बाजाराचा वार आणि त्यानंतर तीन दिवसांनी, असं काहीतरी पक्कं करून घ्यावं.

भरवण्याची रीतही मोजावी लागते. बाळाची वाटी वेगळी हवी, म्हणजे नेमकं किती गेलं ते कळतं. मोठ्यांच्या ताटातून दोन घास दिले की खाल्ल्यासारखं वाटतं. समोर बसून, बोलत, थांबत भरवायचं. नाक दाबून, मारून नाही आणि मोबाइल लावूनही नाही. शहरात, सिडको-सातपूरकडे, मोबाइलचंच प्रमाण मोठं आहे. स्क्रीनकडे बघणाऱ्या बाळाला आपण खातोय हेच कळत नाही. जुलाब लागले तर खाणं बंद करायचं नाही. अंगावरचं दूध जास्त वेळा, ओआरएस, १४ दिवस झिंकची गोळी, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. आजारपणात गेलेलं वजन भरून काढायची वेळ हीच असते आणि नेमकी तीच हातची जाते.

पहिले सहा महिने: ‘दूध पुरत नाही’

बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत अंगावर घ्यायचं, पहिलं पिवळसर चीकदूध द्यायचं, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. हे आता बहुतेकांना पाठ आहे. तरी मधेच साखरपाणी, मध, बाळघुटी, बाटली येते, कारण आईला आणि सासूला मनापासून वाटतं की दूध पुरत नाही. यावर ‘पुरतं, पाजत राहा’ असं म्हणणं म्हणजे तिचं न ऐकणं झालं.

दूध पुरतंय का हे तपासता येतं. बाळ चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय का? पहिल्या काही दिवसांत थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांत परत आलं का? पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २५-३० ग्रॅमच्या आसपास वाढतंय का? तिन्ही उत्तरं ठीक असतील तर रडण्याचं कारण भूक नाही. ठीक नसतील तर बाळाला अंगावर कसं धरलंय ते बघायचं. नर्सबाईंनी शेजारी बसून एक पूर्ण पाजणं पाहिल्याशिवाय सल्ला द्यायचाच नाही, असं मला ठामपणे वाटतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालून जास्त आत गेलेला. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर बाळाला दूध कमी मिळतं, आईला चिरा पडतात, दुखतं म्हणून ती कमी पाजते, कमी पाजल्यानं दूध कमी तयार होतं. दूध ओढलं जाईल तेवढं तयार होतं. पकड सुधारली की हे चक्र उलटं फिरतं, बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत. एक वर्षाआधी मध मुळीच नको, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. दूध पावडर आणि दोन वर्षांखालच्या बाळाच्या तयार अन्नाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं देशात बंदी आहे. दवाखान्यात कोणी डबा सुचवला तर ‘का?’ हे विचारायचा आईला अधिकार आहे.

आईच्या स्वतःच्या खाण्याकडे येऊ. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, आणि अंगावर पाजताना पहिले सहा महिने ६०० जास्त. ६०० म्हणजे दोन भाकरी, वाटीभर घट्ट डाळ आणि मूठभर शेंगदाणे. म्हणजे बाळंतिणीला गरोदर बाईहून जास्त भूक लागते, लागायलाच हवी. पण कित्येक घरांत शेवटच्या महिन्यांत ‘बाळ फार मोठं होईल, अडेल’ म्हणून कमी खायला घालतात आणि बाळंतपणानंतर पथ्याच्या नावाखाली वरण, भाज्या, फळं बंद. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर द्यावी, त्यात तूप-गूळ-लोह आहे. फक्त ते जेवणाच्या जोडीला, जेवणाऐवजी नको.

रक्तवाढीच्या गोळीचं असंच. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. मळमळ होते, संडास काळी होते, म्हणून बायका गोळ्या सोडतात. काळी संडास धोक्याची नाही हे आधीच सांगितलं असतं तर निम्म्या गोळ्या वाया गेल्या नसत्या असं मला वाटतं. रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर त्रास कमी होतो. चहा आणि गोळीत किमान तास-दोन तास अंतर हवं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या की लोह कमी शोषलं जातं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे ताबडतोब मोठा दवाखाना.

एकच गोष्ट ठरवायची, आणि घरातल्यांसमोर

पेठच्या त्या घरी परत जाऊ. आशाताईला आता किमान सात चुका दिसतायत. तिनं सातही सांगितल्या तर एकही होणार नाही. आधी जे बरोबर चाललंय ते म्हणायचं: ‘नऊ महिने अंगावर पाजतेस, हे फार चांगलं करतेस.’ मग या घरात उद्यापासून जमेल अशी एक गोष्ट, फार तर दोन. ‘डाळ तर रोज शिजते. बाळाची वाटी आधी काढ, पाणी न घालता घोट, चमचाभर तेल घाल. जमेल ना?’ आई गप्प बसते, सासूकडे बघते. म्हणजे निर्णय सासूचा आहे. मग तिच्याशी बोलायचं. ‘आजी, तुम्ही चार लेकरं वाढवलीत. नातवाला दुपारी तुम्हीच भरवता ना? मग ही वाटी तुमच्याकडे.’ आजीला बाजूला ठेवून दिलेला सल्ला उंबऱ्याबाहेरच राहतो, आजीकडे जबाबदारी दिली की तो स्वयंपाकघरात जातो.

बापाशीही बोलायला हवं, कारण बाजार तो करतो. पाच-पाच रुपयांचे दोन पुडे रोज आले तर दहा रुपये जातात. तेवढ्यात बाळाला एक अंडं मिळतं. हे त्याला रागावून नाही, हिशोब म्हणून सांगायचं. शेवटी पुन्हा कधी येणार तो दिवस सांगायचा आणि त्या दिवशी फक्त ठरलेल्या गोष्टीबद्दल विचारायचं. जमली नसेल तर का नाही, ते ऐकायचं. तेल संपलं होतं? आजी गावाला गेली होती? त्या उत्तरातून पुढचा सल्ला ठरतो.

घरच्या सल्ल्यावर भागणार नाही अशी वेळही असते. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. तीव्र कुपोषित बाळाला भूक असेल, आजार नसेल तर ग्राम बालविकास केंद्रात म्हणजे अंगणवाडीतच जादा आहार आणि औषधं देऊन सुधारता येतं. पण दोन्ही पायांवर सूज, खायला नकार, ताप, सुस्ती, सारख्या उलट्या यातलं काही असेल तर वाट न पाहता दवाखान्यात भरती करायचं, पोषण पुनर्वसन केंद्रात. तिथे आईलाही राहता येतं. घरची बाकीची मुलं, जनावरं, मजुरी यांमुळे आई भरती व्हायला नाही म्हणते तेव्हा ती निष्काळजी नसते. तिच्या मागे घर कोण बघणार हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

आणि हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे की घरात डाळच नसेल तर डाळ घोटण्याचा सल्ला ही क्रूर गोष्ट आहे. अशा घरी बोलणं रेशनपासून सुरू करायचं. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे: गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम पूर्ण जेवण, आणि सात महिन्यांपुढच्या मुलांना अंडं किंवा केळं. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार. कागद, आधार, बँक खातं यांत हे पैसे अडकतात. ते सोडवून देणं हाही आहार सल्ल्याचाच भाग मानायला हवा. अंडं अंगणवाडीत खरंच मिळतंय का, हे ग्रामसभेत विचारता येतं.

सगळ्यात जास्त हातातून निसटतात ती द्राक्षाच्या हंगामात स्थलांतर करणारी बाळं. घडातले मणी विरळ करणं (थिनिंग), घड औषधाच्या पाण्यात बुडवणं (डिपिंग), काढणी, अशा कामांसाठी आई सकाळी सातला बागेत, बाळ झोपडीत आठ वर्षांच्या बहिणीजवळ. या आईला ‘दर दोन तासांनी पाजा’ सांगून काय होणार? तिच्याशी वेगळं बोलावं लागतं. पाळणा बागेच्या कडेला सावलीत बांधता येईल का, मुकादमाशी बोलून दोनदा सुट्टी मिळेल का. नसेल तर सकाळी स्वच्छ हातानं दूध काढून झाकून गार जागी ठेवायचं, चार तासांत वाटी-चमच्यानं द्यायचं, बाटलीनं नाही. सहा महिन्यांपुढचं बाळ असेल तर निघतानाच दोन किलो मोडाच्या नागलीचं आणि भाजलेल्या डाळीचं पीठ बांधून न्यायचं, म्हणजे बहिणीलाही गरम पाण्यात शिजवून देता येतं.

गाव सोडलं म्हणून हक्क सुटत नाही. दिंडोरीत असो की निफाडात, तिथल्या अंगणवाडीत बाळाचं नाव घालता येतं, आहार, डोस, वजन तिथेच होतं. निघण्याआधी आपल्या आशाताईला कुठे चाललो ते सांगायचं, लोहाच्या सिरपची बाटली आणि कार्ड पिशवीत टाकायचं. कार्ड बरोबर असेल तर तिथली ताई मागची रेषा बघून पुढचं टिंब देते आणि बोलणं जिथे थांबलं होतं तिथून धरते. कार्ड घरी राहिलं तर तिला पुन्हा ‘बाळ खातं का?’ इथपासून सुरुवात करावी लागते.